दिलेला शब्द

कौनासमध्ये फेब्रुवारीत पाचलाच अंधारतं.
दोनशे चौदा नंबरच्या खोलीत रेडिएटर खोकतो,
आणि एइमांतस, वय त्रेचाळीस, भुरकट मिशा,
पंधरा वर्षं ट्रॉलीबसच्या तारा दुरुस्त करून
आता आमच्या बाकावर येऊन बसलेला,
आज सोळा वर्षांची मुलगी झालाय.
नाव स्मिल्ते.

आम्ही हसतो. झिविले हसू देते.
"झालं? आता तिला विचार, वायवा."

तिला म्हणजे त्याला.
झोप कशी, भूक कशी, शाळेत कोण भेटतं,
हे सगळं मला पाठ,
आणि त्याच्यामागे, दार लोटून ठेवलेला
तो एक प्रश्न.
मी काठाकाठानं चालते.
"कधी कधी अगदीच... म्हणजे, तसलं काही..."

"तसलं म्हणजे कसलं?" मागच्या बाकावरून झिविले.
"तुझी जीभ अडखळली
तर तिला वाटेल, माझ्या मनात आहे ते
शिकल्यासवरल्या माणसालाही उच्चारवत नाही."

पुन्हा.
"स्मिल्ते, मरून जावंसं वाटतं का तुला?
आत्महत्येचा विचार येतो?"

छत कोसळत नाही.
रेडिएटर खोकतो.
एइमांतस स्वेटरची बाही अंगठ्यापर्यंत ओढतो,
तिचं टोक चावतो.
"कोणाला सांगणार नसशील तर सांगते."

आणि मी, दोन वर्षं नीतिशास्त्राचे तास बसून काढलेली,
पटकन म्हणते,
"नाही सांगणार. शब्द देते."

झिविले रागावत नाही.
नुसतं म्हणते, "आता तो मागे घे."

शब्द पाळायला घरोघरी शिकवतात.
मागे घ्यायला कोण शिकवतं?
वीस मिनिटं मी त्या खुर्चीत घामाघूम.
नियमाआड लपले: झिविलेनं मान हलवली.
गोड बोलले: स्मिल्ते खिडकीबाहेर बघत राहिली.
शेवटी, दुसरं काहीच उरलं नाही म्हणून:

"चुकले मी. तू उठून जाशील याला घाबरले.
हे मला एकटीला जवळ ठेवता येणार नाही.
सांगायचं की नाही, ते आता तुझ्या हातात नाही,
माझ्याही नाही.
कसं सांगायचं, ते आहे.
तुझ्या पाठीमागे मी फोन करणार नाही.
आईशी बोलताना तू खोलीत असशील,
आणि पहिलं वाक्य कोणाचं, ते तू ठरव."

"म्हणजे तू खोटारडी."
"हो. मघाशी होते."

बाही तोंडातून सुटते.
थोडीशीच.

मग फॉर्म भरायचा. हा कागद कोणासाठी, झिविले विचारते.
स्काइस्ते प्रामाणिक आहे, म्हणते,
"उद्या कोणी आम्हाला कोर्टात खेचलं तर."
"असेल. पण तिला वाचून दाखवताना
लाज वाटेल असं एक अक्षर लिहू नका."

सुटल्यावर थांब्यावर आम्ही दोघं.
लिंडेनच्या काळ्या फांद्या, पायाखाली मळका बर्फ.
एइमांतस सवयीनं वरच्या तारा बघतो.
ती बाही कोणाची, हे विचारू नये असं वाटलं.
मग वाटलं, आज दिवसभर काय शिकलो?

"एइमांतस, ती बाही कोणाची?"

"माझीच. सतरा वर्षांचा होतो."

"मग?"

"कोपऱ्यावरची पाववाली. रोज एकच पाव न्यायचो.
एक दिवस सुटे पैसे मोजता मोजता म्हणाली,
पोरा, जीव द्यायचं डोक्यात आहे का तुझ्या?
रांगेत चार माणसं होती.
कसलं गुपित आणि कसलं काय.
दुकान बंद केलं, मला आजोबांकडे घेऊन गेली,
वाटेत माझा हात काही सोडला नाही."

"चुकलीच ती," मी म्हणते. "रांगेसमोर."

"चुकली," तो हसतो. मिशांवर दव गोठलंय.
"झिविलेनं नापासच केलं असतं."

सोळा नंबर येते, दार उघडते.
आम्ही बोलतच राहतो,
ती निघून जाते.